जॉन स्नो अजून बर्फातच पडलाय: मार्टिनसाहेबांना अनावृत पत्र

श्री. जॉर्ज रेमंड रिचर्ड मार्टिन यांस,
मुक्काम सांता फे, न्यू मेक्सिको.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, १२ जुलै २०११ रोजी आपलं 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' बाजारात आलं आणि त्याच्या शेवटाकडे जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलं. तेव्हापासून तो भिंतीपाशी बर्फात पडून आहे. टीव्हीवाल्यांनी २०१६ मध्ये त्याला उठवला, लढवला, राणीच्या प्रेमात पाडला, तिलाच मारायला लावला आणि शेवटी पुन्हा उत्तरेला धाडून दिला. ते त्यांचं त्यांना लखलाभ. आम्ही पुस्तकवाले. आमच्या लेखी तो अजून बर्फातच पडलाय, आणि उचलायला कुणी आलेलं नाही.

तुम्हाला नेमकं काय म्हणावं, हाच पहिला प्रश्न. वाचायला लागलो तेव्हा 'मार्टिनकाका' शोभलं असतं. आता भाजीवाला मलाच काका म्हणतो. तेव्हा 'साहेब' म्हणतो, म्हणजे वयाचा विषय निघायला नको.

साहेब, आपल्या कामाचा इतिहास थोडक्यात उगाळतो. मुळात बेत तीन पुस्तकांचा होता. तिनाची वाढत वाढत सात झाली, त्याबद्दल तक्रार नाही. महाकाव्य म्हटलं की फुगणारच. पहिलं १९९६ साली, दुसरं १९९८, तिसरं २०००. काय ती शिस्त! तिसरं तर एवढं जाडजूड, की आमच्याकडे मिळणाऱ्या पेपरबॅक आवृत्तीत त्याचे दोन तुकडे करावे लागले. फुटपाथवर त्याची पायरेटेड प्रत मिळायची. तिच्यातला नकाशा इतका फिकट छापलेला असायचा, की उत्तरेची ती सातशे फुटी भिंत थेट बाइंडिंगच्या शिवणीत गडप व्हायची. तरी लोक वाचत होते, भिंग लावून.

मग तुम्ही ठरवलंत की कथेत पाच वर्षांची उडी घ्यायची. पोरंटोरं मोठी होतील, ड्रॅगन वाढतील. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की मधल्या पाच वर्षांत घडलेलं सगळं आठवणींतून सांगावं लागतंय. तुम्ही तो बेत रद्द केलात. पण उडी काही टळली नाही. कथेतली पाच वर्षं वाचली आणि ती वाचकाच्या आयुष्यातून वळती झाली: तिसरं पुस्तक २००० चं, चौथं २००५ चं.

त्या चौथ्यात मुख्य पात्रांपैकी टिरियन नाही, डेनेरिस नाही, जॉन नावापुरता. शेवटी तुमची एक छोटी टीप होती. पात्रांची भौगोलिक वाटणी केली आहे, उरलेली मंडळी पुढच्या भागात भेटतील, आणि तो भाग बहुधा पुढच्याच वर्षी येईल, अशा आशयाची. 'पुढच्या वर्षी'चं आम्हाला फार अप्रूप. आम्ही दर अनंत चतुर्दशीला बाप्पाला तेच सांगून येतो. फरक एवढाच, की तो येतो. तुमचं पाचवं पुस्तक यायला सहा वर्षं लागली. मीरीन शहरात कोण कधी पोचतो याचा गुंता सुटत नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत.

आणि मग सहावं. 'द विंड्स ऑफ विंटर'. जानेवारी २०१६ मध्ये तुम्ही अगदी मोकळेपणाने लिहिलंत, की पुस्तक पूर्ण नाही, मुदत हुकली. वाईट वाटलं, पण तुमचा आदरही वाटला. २०१९ मध्ये तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी वेलिंग्टनच्या विज्ञानकथा संमेलनाला मी पुस्तक न घेता आलो, तर मला न्यूझीलंडमधल्या एका बेटावरच्या झोपडीत कोंडून ठेवा. २०२० साली महामारी आली, संमेलन ऑनलाइन झालं, तुम्ही गेलाच नाहीत, आणि कोंडण्याचं कलमच लागू झालं नाही. एवढी सफाईदार पळवाट नामांकित वकिलालाही सुचली नसती. २०२२ मध्ये अकराशेच्या आसपास पानं झाल्याचं कळलं. २०२३ संपत आलं तेव्हाही आकडा अकराशेच्याच आसपास. दिवाळीच्या आदल्या रात्री शिंपी सांगतो ना, 'झालंच साहेब, काजंबटणं तेवढी राहिलीत', तसं काहीसं.

मधल्या काळात तुम्ही हातावर हात ठेवून बसला नव्हतात, हेही नमूद करतो. गावातलं जुनं थिएटर विकत घेऊन चालू केलंत. बंद पडलेली बोलिंग अ‍ॅली घेतलीत आणि तरुण कलाकारांच्या ताब्यात दिलीत. भागीदारांबरोबर पर्यटकांची जुनी रेल्वे रुळावर आणलीत. 'वाइल्ड कार्ड्स'चे संग्रह संपादित केलेत, 'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेमची पूर्वपीठिका रचून दिलीत. सांता फेच्या नगरपालिकेने तुमचा सत्कार करावा इतकं हे काम आहे. तुमच्या कथेतल्या वेस्टेरॉसच्या नगरपालिकेचं मत निराळं असणार.

आणि हो, २०१८ चं 'फायर अँड ब्लड'! तेही वाचलं. डेनेरिसच्या टार्गेरियन घराण्याची आधीची दीडशे वर्षं. काकापुतण्या, सावत्र भावंडं, एक सिंहासन आणि घरातले ड्रॅगन. भाऊबंदकी म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पेशवाईपासून सातबाऱ्यापर्यंत सगळा अभ्यास झालेला आहे. पुस्तक झकास आहे. पण आम्ही नातवंडांची खुशाली विचारायला आलो होतो, तुम्ही खापरपणजोबांचं श्राद्ध घालून परत पाठवलंत. शिवाय तो पहिलाच खंड. दुसराही यायचाय. म्हणजे एक उधारी फेडायला गेलात आणि दुसरी करून आलात.

तुमच्या कार्यपद्धतीबद्दलही आदर आहे. तुम्ही इंटरनेट नसलेल्या जुन्या डॉस संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहिता, हे तुम्ही २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलंत आणि जगभरच्या वाचकांच्या पोटात गोळा आला. आमच्याकडे व्यासांना लेखनिक मिळाला तो गणपती. त्याने आधीच अट घातली: माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, आणि एखादा कूटश्लोक टाकून स्वतःपुरती उसंत मिळवली. वर्डस्टार असली कुठलीच अट घालत नाही, हीच त्याची अडचण. त्याचा कर्सर वर्षानुवर्षं न कंटाळता लुकलुकत राहतो.

खरी तक्रार आता सांगतो. उशिराचं काही वाटत नाही, साहेब. आम्ही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या गावचे. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली. सुकथनकर प्रमुख संपादक होते, ते १९४३ मध्ये गेले. मग बेलवलकर आले, मग वैद्य. आणि १९६६ साली काम पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. तेव्हा वाट बघण्याच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये. शिवाय त्या महाभारतात पुढे काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि आता तर त्याचीही शंका येते.

मुद्दा उजळणीचा आहे. तुमची पुस्तकं वाचणं म्हणजे माणसं लक्षात ठेवणं. शेवटी पानंच्या पानं नुसती घराण्यांची यादी: कोण कुणाचा दासीपुत्र, कोण कुणाचा मांडलिक. एवढं सगळं डोक्यात धरून बसायचं, म्हणजे दर काही वर्षांनी पहिल्यापासून सुरुवात करणं आलं.

आणि इथेच आमची पंचाईत होते. चौथ्या पुस्तकाच्या सुरुवातीला ओल्डटाउनमधला पेट नावाचा पोरगा घ्या. विद्यापीठात उमेदवारी करतो, एका मुलीसाठी चोरी करतो, मोबदल्यात मिळालेलं नाणं दाताखाली धरतो आणि गल्लीत कोसळून मरतो. आठशेच्या आसपास पानं उलटतात, वाचक त्याला विसरतो. शेवटच्या प्रकरणात जॉनचा मित्र सॅम त्याच विद्यापीठात येतो, आणि एक फिकट, साधा पोरगा पुढे होऊन आपलं नाव सांगतो: पेट. पुस्तक संपतं. पहिल्या वाचनात हे हातातून निसटतं. दुसऱ्या वाचनात अंगावर काटा येतो, कारण ज्या परक्या माणसाने ते नाणं दिलं होतं त्याचं नाक, गालावरचा व्रण, कुरळे केस आपण दुसऱ्या पुस्तकात पाहिलेले असतात. तुम्ही कुठेही बोट दाखवलेलं नाही. वाचकाला आठवेल, एवढाच भरवसा धरलात. एवढा भरवसा ठेवणाऱ्या लेखकाला सोडून कसं जायचं? सॅम मात्र २००५ पासून त्या मेलेल्या पोराच्या चेहऱ्याशेजारी उभा आहे, आणि त्याला सावध करायला आमच्याकडे काही साधन नाही.

टीव्हीचा शेवट आम्हाला लागू पडत नाही, तो यामुळेच. १९ मे २०१९ ला मालिका संपली. शेवटचा सीझन पुन्हा बनवा, म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्याच सीझनमध्ये कुणीतरी मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कप विसरला होता, ते वेगळंच. पण राजा कोण झाला, हे आम्हाला कुठे हवं होतं? पेरलेलं कुठे कुठे उगवलं, ते हवं होतं. तुम्ही स्वतःला माळी म्हणवता, आराखडा काढून बांधणारा वास्तुरचनाकार नव्हे. ठीक. पण माळ्यानेही कधीतरी फळ उतरवावं.

एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली नसेल. पहिल्या पुस्तकात नेड स्टार्कचं मुंडकं उडवून तुम्ही आम्हाला शिकवलंत की इथे कुणीच सुरक्षित नाही. तिसऱ्यात एका लग्नात उरलीसुरली आशा कापून काढलीत. आणि मग पुस्तक आलं नाही, त्याबरोबर वेस्टेरॉसचा मृत्युदर शून्यावर आला! सर्सी खटल्याची वाट बघतेय, स्टॅनिस बर्फात अडकलाय, डेनेरिस गवताळ माळावर डोथ्राकी घोडेस्वारांसमोर उभी आहे. सगळे धोक्यात आणि सगळे धडधाकट. जॉनला वाचवायचा सर्वात खात्रीचा उपाय पुढचं पान न लिहिणं हाच आहे, असं तर तुम्ही ठरवलं नाही ना?

आमच्या लोकांचं वागणंही फारसं भूषणावह नाही. तुमच्या वयाचा हिशेब जाहीरपणे मांडतात. २०२५ मध्ये सिअ‍ॅटलच्या संमेलनात तुम्ही समोर बसलेले असताना एकाने विचारलंच, की उरलेलं दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेणार का. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि त्यांचं 'व्हील ऑफ टाइम' ब्रँडन सँडरसनने २०१३ मध्ये पुरं केलं, तो दाखला तयारच असतो. हे चीड आणणारं आहे. तुमच्या पश्चात दुसऱ्याने लिहू नये, असं तुम्ही म्हणता. माझंही तेच मत आहे. अपुरं चालेल, उसनं नको. लेखक वाचकाचा नोकर नाही, हेही कबूल. पाचांचे पैसे दिले, पाच मिळाली. सहाव्याचा मी कुणाकडे आगाऊ भरणा केलेला नाही. पण एका पुस्तकातला घोडा पुढच्या पुस्तकात घोडी झाला, हे तुम्हाला वाचकांनीच दाखवून दिलं ना? एवढं बारीक वाचणारा माणूस थोडा त्रास देणारच. तो तुम्ही सोसावा.

तेव्हा विनंती एवढीच. पुस्तक तयार झालं की पाठवा. पहिल्या दिवशी, हार्डबॅक, सवलत न विचारता घेईन. तोवर या पत्राला उत्तर देऊ नये. तेवढा वेळ मीरीनच्या वेढ्याला द्यावा.

कळावे, लोभ असावा,
आपला एक जुना वाचक