लाल स्वेटरवाली

"ताई, ती लाल स्वेटरवाली दिसली का वो कुठं?" आक्कानं डोक्यावरची पाटी कुंपणाच्या भिंतीवर टेकवली आणि मेथीचा भाव सांगायच्या आधी हे विचारलं.

मनमाडला नळाचं पाणी रोज येत नाही. वाघदर्डी धरणातला साठा खाली गेला की मधले कोरडे दिवस आणखी वाढतात. त्यामुळं पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली पाइप धरून अंगणात उभी असते आणि गावच्या बातम्यांचं वाटपही त्याच दिवशी उरकतं. मी अलीकडं पिंप भरत होते, भिंतीपलीकडं सिस्टर. नोकरीतून रिटायर होऊन त्यांना बराच काळ झाला, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

"कोण गं, ती फलाटावरची?" मी म्हटलं.

"तीच. पोटुशी. आठवडी बाजारापास्नं दिसली नाय. सकाळी माल उतरवून घ्यायला गेलं की पुलाखाली बसलेली असायची. मी एखादं केळं द्यायची तिला. परवा पिशवीतलं केळं तसंच घरी आलं."

सिस्टरनी पाइप पिंपात सोडला आणि भिंतीशी आल्या. "कितवा होता तिला?"

"सातवा सरला आसंल."

"आणि वय?"

"इचारलं तर कवा अठरा म्हनायची, कवा वीस. सोळाच्या वर नाय वो ती प्वार. रेल्वेच्या नळावर पानी उडवत खेळती आजून."

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. त्यांना फक्त 'ती' एवढं ऐकू आलं तरी पुरतं. "ती ना? ती पंचवटीनं मुंबईला गेली. अशांचं काय, आज इथं तर उद्या तिथं. आणि परवा आमच्या दिरांना शिर्डीत दिसली, चांगली हार विकत होती."

"वहिनी, मुंबईला गेली की शिर्डीला?"

"अहो, शिर्डी काय लांब आहे?"

ती मुळात आली कुठून, याच्याही तीन गोष्टी गल्लीत होत्या. 'मले', 'तुले' करत बोलायची, म्हणून विदर्भातली हे नक्की. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघून आपल्याकडून कोल्हापूरला जाते, तिच्यातून उतरली असं हमाल सांगत. आई वारली, बापानं दुसरी केली, ही आक्काची गोष्ट. पळून आली आणि पोरानं इथं फलाटावर सोडून दिलं, ही वहिनींची. तिसरी दुधवाल्याची, ती इथं लिहिण्यासारखी नाही. माणूस हरवलं की आपल्याकडं आधी त्याचं चारित्र्य शोधतात, माणूस मागाहून.

"गळ्यात काळी पोत होती हो तिच्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे लग्नाची असणार. मग आपण कशाला मधे पडा? नवऱ्यानं नेली असेल."

सिस्टर आवाज चढवत नाहीत, फक्त चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला. "सोळाची आहे ना? मग पोत असो, कुंकू असो, कायद्याच्या लेखी ती बालक. बायको अठराच्या आतली असली तरी तिच्याशी ठेवलेला संबंध बलात्कारच धरायचा, हे सुप्रीम कोर्टानं 2017 सालीच सांगितलंय. ती 'माझ्या मर्जीनं' म्हणाली तरी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो. गुन्हा तिनं केलेला नाही, तिच्यावर झालाय. हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या निम्म्या गोष्टी बंद होतील."

वहिनी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "बरं, पण नशा तर तिनंच केली ना? मी डोळ्यांनी पाहिलंय, फडकं नाकाला लावून बसायची."

"सुलोशन," आक्का म्हणाली. "पंक्चरवाल्याकडची टूब. फडक्यावर पिळायची नायतर पिशवीत, अन् वढायची. ठेसनावरची समदी पोरं वढत्यात. मी रागं भरले तर म्हनली, आक्का, यानं भूक लागत नाई, थंडी वाजत नाई, रातीचं भेव वाटत नाई. आता सांगा, फलाटावर निजनाऱ्या पोरीनं रातीचं भेव घालवाया दुसरं काय करायचं?"

याला आम्हा तिघींपैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. पाइप पिंपाबाहेर वाहत होता, तो मी दुसऱ्या पिंपात टाकला.

"भूक लागत नाही तेच वाईट," सिस्टर म्हणाल्या. "पोटात दोन जीव आणि जेवण नाही. त्या ट्यूबमध्ये टोल्युइन असतं. ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं. मूल अपुऱ्या दिवसांचं होतं, वजनाला कमी भरतं. आणि आईचंही, एखाद्या वेळी जोरात ओढलं की हृदयाचा ठोका चुकून जागच्या जागी माणूस जातं, पहिल्या वेळेलासुद्धा. ट्यूब विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. बालन्याय कायद्यात मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड लिहिलाय."

"जेवत नव्हतीच असं नाय," आक्का म्हणाली. "गुरुद्वाऱ्यात लंगरला जायची. तिथं ताट देताना कोन काय इचारत नाय. पर पोट दिसाया लागलं तशी जायची बंद झाली. लाजली."

मग आक्कानं जे सांगितलं ते आम्हाला नवीन होतं. मागच्या महिन्यात तिनं पोरीला स्वतः एका दवाखान्यात नेलं होतं. केस विंचरून दिले, लेकीचा धुतलेला ड्रेस घातला. खिडकीवर पहिला प्रश्न आला, नवरा कुठाय? दुसरा, आधार कार्ड? आवाज एवढा मोठा की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. पोरगी म्हणाली, पाणी पिऊन येते. ती गेली ती थेट पुलाखाली.

"बघितलंत?" सिस्टर आता खरंच चिडल्या होत्या. "सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासणी, सोनोग्राफी, औषधं, बाळंतपण, सिझेरियन झालं तरी, सगळं फुकट आहे. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. घरून आणायला गाडीसुद्धा. आणि खिडकीवर काय, तर नवरा कुठाय!"

"पण सिस्टर," मी म्हटलं, "मुलगी अठराच्या आतली म्हटल्यावर डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं ना?"

"लागतं. पोक्सोच्या 19 व्या कलमानं लागतं, नाही कळवलं तर डॉक्टरलाच शिक्षा. नियम पोरीच्या भल्याचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण या पोरींपर्यंत त्यातलं एवढंच पोचतं की दवाखान्यात गेलं की पोलीस येतो. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात यायला हवी ती नवव्यात येते, नाहीतर संडासात बाळंत होते. वेळेत आली असती तर अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताचीही मुभा आहे. आता ती वेळ गेली. मी ड्यूटीवर असताना आधी खाटेवर झोपवायची, चहा-बिस्किट द्यायची, बीपी घ्यायची. कागद कुठं पळून जात नाहीत, पोरी जातात."

वहिनींनी एव्हाना मोबाइल काढला होता. "माझ्याकडं फोटो आहे तिचा. मागं मी फलाटावर काढला होता. टाकते गल्लीच्या ग्रुपवर. 'हरवली आहे, गर्भवती, नशेडी, दिसल्यास कळवा.' बघा कसा तासात पत्ता लागतो."

"टाकू नका!" सिस्टर भिंतीवरून जवळजवळ पलीकडे आल्या. "एक तर अत्याचार झालेल्या मुलाची ओळख फोडणं हाच गुन्हा आहे, पोक्सोतही आणि बालन्याय कायद्यातही. दुसरं म्हणजे तिला शोधणारे सगळेच तिच्या भल्याचे आहेत, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ज्याच्यापासून ती पळाली असेल त्याच्या मोबाइलवर तुमचा फोटो आधी पोचेल. फोटो द्यायचा तो पोलिसांना द्या."

"पोलिसांत कोण जाणार? आपण तिचे कोण? नातेवाईक पाहिजे ना तक्रारीला. आणि 24 तास थांबायला सांगतात."

हे 24 तासांचं खूळ सिनेमांनी घराघरांत घातलंय. सिस्टरनी तिथल्या तिथं ते उडवलं. मूल बेपत्ता झालं की वाट न बघता गुन्हा नोंदवायचा, आणि तो अपहरण झालंय असं धरून नोंदवायचा, हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडं जातो. खबर द्यायला रक्ताचं नातं लागत नाही. केळं देणारी चालते.

"आन् मला ठेसनात बशिवलं तर?" आक्कानं विचारलं. धंदा पाटीवरचा, दिवस मोडला की चूल मोडते.

"तू आधी फोन कर. 1098. लहान मुलांसाठीचा नंबर, पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात. मुंबईत 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाला होता तो, आता सरकारच चालवतं. तिथून पोलिसांना कळवतात. ती गाडीत बसून गेली असेल तर रेल्वेच्या 139 वरही सांगायचं, पुढच्या स्टेशनावर आरपीएफची माणसं बघतात."

"आन् घावली म्हंजी? कोंडत्याल?"

हा प्रश्न पोरीनंही विचारला असता. सिस्टरनी सांगितलं ते असं. सापडली की 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यायचं. आपल्याला नाशिकची. समिती तिचं ऐकून घेते आणि कुठं ठेवायचं ते ठरवते. बाळ कुणी हिसकावून घेत नाही. तिला स्वतःलाच सांभाळायचं नसेल तर समितीपुढं लिहून देता येतं, आणि तरीही फेरविचाराला दोन महिने मिळतात.

"पण खरं सांगू का," सिस्टर जरा थांबून म्हणाल्या, "अशा पोरीला घ्यायला जागा फार थोड्या. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, पोटुशी आहे, आमच्याकडं बाळंतपणाची सोय नाही. बाळंतपणवाले म्हणतात, नशा करते, आमच्या वॉर्डात नको. बालगृह म्हणतं, आमच्या बाकीच्या मुलींवर काय परिणाम होईल? पुण्यात अवचट दाम्पत्यानं 1986 मध्ये पु.लं.च्या देणगीवर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि तिथं पुढं बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग निघाला. तसं प्रत्येक जिल्ह्यात पाहिजे होतं. पुरुषांच्या दारूसाठी केंद्रं सापडतात. बाईची नशा कुणी नशा म्हणून धरतच नाही, बदचालीत धरतात."

वहिनींनी मोबाइल पदराखाली घेतला होता. "फोटोत स्वेटर नीट दिसतोय," त्या जरा हळू म्हणाल्या. "उजव्या भुवईवर खूण पण. पोलिसांना उपयोग होईल का?"

"होईल. या आमच्याबरोबर."

फोन सिस्टरच्या ओट्यावरून लावला. पलीकडच्या बाईनं वय, कपडे, बोली, शेवटचं कुठं दिसली, कितवा महिना, एवढंच विचारलं. 'तुमचं नाव बाहेर जाणार नाही' असं दोनदा सांगितलं. बोलली आक्काच. आमच्यापैकी तिलाच सगळं ठाऊक होतं: पोरगी डावखुरी आहे, तिला केळं आवडतं पण पेरू नाही, घाबरली की पुलाच्या तिसऱ्या खांबामागं जाते, आणि मोठ्यानं कुणी बोललं की पळते. "तेवडं ल्ह्या," आक्का फोनवर ओरडून सांगत होती, "तिच्यासंगं मोठ्यानं बोलू नका म्हनावं."

संध्याकाळी दोन पोलीस आले, त्यात एक बाई होती. आक्कानं त्यांना खांब दाखवला, वहिनींनी फोटो दिला आणि त्यांच्यासमोर मोबाइलमधून पुसलाही. गुन्हा नोंदला गेला. हे लिहीपर्यंत पोरीचा पत्ता लागलेला नाही. मुंबई, शिर्डी आणि नवरा या तिन्ही गोष्टी गल्लीत अजून फिरतायत.

तुमच्या स्टेशनावर, एसटी स्टँडवर, देवळाबाहेर अशी एखादी पोर असेलच. फोटो काढू नका, नवरा विचारू नका. शेजारी बसा, खायला द्या आणि 1098 लावा. दिवस भरलेले दिसले किंवा कळा सुरू झाल्या असल्या तर आधी रुग्णवाहिकेसाठी 108.