न ऐकताच वीसपैकी वीस

बजाजनगर, वाळूज
छत्रपती संभाजीनगर

दहावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा न घेताच गुणतक्ता भरणाऱ्या सरांना,



सर, या पत्रावर तुमचे नाव घालत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. तुम्ही बजाजनगरात आहात, रांजणगावात आहात, गंगापूर-वैजापूरकडे आहात, पुण्या-मुंबईतही आहात. पण तुमची ओळख पटायला वेळ लागत नाही. लेखी परीक्षेच्या आधी अंतर्गत गुण बोर्डाला कळवायचे असतात, तेव्हा तुम्ही हजेरीपट पुढे ओढता आणि इंग्रजीच्या रकान्यात वरून खाली वीस, एकोणीस, वीस, अठरा असे आकडे लिहीत जाता. ज्या मुलाच्या नावापुढे तुम्ही वीस लिहिले, त्याला तुम्ही वर्षभरात इंग्रजीचे एक वाक्यही बोलायला लावलेले नसते. त्याचा आवाज तुम्हाला फक्त हजेरीच्या वेळचा माहीत असतो. तुम्ही कोणालाच नापास करत नाही, हे खरे आहे. तुम्ही कोणाचेच ऐकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या वीस गुणांत काय काय मावते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही कळेल. मराठी माध्यमाच्या मुलाला दहावीत इंग्रजीची 80 गुणांची कृतिपत्रिका असते आणि 20 गुण शाळेच्या हातात असतात. पास व्हायला दोन्ही मिळून 35 लागतात. तुम्ही वीस देऊन टाकले की उरतात पंधरा. आता कृतिपत्रिका उघडा. पहिला विभाग 10 गुणांचा: शब्दातली गाळलेली अक्षरे भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हे द्या, एका शब्दातल्या अक्षरांपासून चार शब्द करा. शेवटचा विभाग 5 गुणांचा: काही शब्द, एक-दोन वाक्ये आणि एक म्हण मराठीत आणा. दहा आणि पाच, पंधरा. मधल्या सगळ्या विभागांत मुलाने पेन टेकवले नाही तरी कागदावर त्याचे इंग्रजी पास होऊ शकते. धड्यातले उतारे, कविता, न पाहिलेला उतारा, सारांश, पत्र, भाषण, बातमी यांतले काहीही त्याला आलेच पाहिजे असे उरत नाही. त्या पंधरातले दोन-चार गेले, तर उताऱ्याखालच्या चूक-बरोबरमधून अंदाजाने भरून निघतात. कृतिपत्रिका करणाऱ्यांनी वाचन, व्याकरण, लेखन आणि साहित्य या चारही गोष्टी तीन तासांत तपासायची सोय केली होती. त्या सोयीला मागचे दार तुम्ही पाडलेत.

हा नुसता तर्क आहे असे म्हणू नका, कारण एक वर्ष हे दार बंद होते. मार्च 2019 च्या परीक्षेला भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिकाही नवी होती, त्यामुळे सगळी घसरण वीस गुणांच्या माथी मारणार नाही. पण पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. 2020 मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही धरले. तरी एका वर्षात महाराष्ट्रातल्या शंभरांतल्या आणखी अठरा मुलांना येऊ लागले, यावर तुमचा विश्वास बसतो का? 2019 च्या निकालावर ओरड झाली, ती गुण गेले म्हणून. आपली मुले वाचू-बोलू शकतात का, हा प्रश्न त्या ओरडीत कोणी विचारला नाही. तुम्ही तर तो त्याआधीही विचारला नव्हता आणि नंतरही नाही.

मी बजाजनगरात राहतो, म्हणून इथले सांगतो. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग शेकडो लहान-मोठे कारखाने आले आणि ही वसाहत उभी राहिली. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव, कुठून कुठून माणसे आली. बहुतेकांनी शेती सोडून पाळी धरली. त्यांतल्या पुष्कळांना ड्रॉइंगवरच्या सूचना आणि मशीनवरचे इशारे दुसऱ्याला विचारून समजून घ्यावे लागले. आपल्या पोराला ते विचारावे लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी रात्रपाळी करून वह्या-पुस्तकांचे आणि शिकवणीचे पैसे भरले. या घरांत गुणपत्रिका येते तेव्हा इंग्रजीचा आकडा सगळ्यात आधी पाहिला जातो. तो आकडा तुम्ही खोटा लिहिता.

आमच्या कारखान्यातल्या कामाचा नियम सांगतो. शॉपवर तपासणीला उभा असलेला माणूस पार्टला गेज लावतो, माप घेतो आणि मगच ओके टॅग लावतो. माप न घेता टॅग लावला आणि गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला, तर त्याला मेमो मिळतो आणि त्याची नोकरीही जाऊ शकते. तिथे प्रश्न लोखंडाचा असतो. तुमच्या समोर पंधरा वर्षांचे मूल असते, आणि तुम्ही टॅगचे बंडलच आधी छापून ठेवलेले असते. तुमचा लॉट परत येतो अकरावीत, पॉलिटेक्निकमध्ये, नोकरीच्या मुलाखतीत. तोवर त्यावर तुमची सही आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. हे पत्र लिहायचे पहिले कारण तेच.

तुमची कारणे मला माहीत आहेत, आणि ती मी हलकी मानत नाही.

तुम्ही म्हणता, गरिबाची मुले आहेत, जाऊ द्या, एक वर्ष वाचू द्या. सर, ही दया तुम्हाला फुकट पडते. तिची किंमत ते मूल भरते. दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की पुस्तके इंग्रजीत येतात. भौतिकशास्त्राच्या पहिल्या पानावर ते अडते आणि त्याला वाटते की आपल्याला विज्ञान जमत नाही. खरे तर त्याला ते पान वाचता येत नसते. श्रीमंताच्या मुलाला इंग्रजीचा खोटा आकडा मिळाला तर घरात कोणीतरी इंग्रजी जाणणारे असते, ते भरून काढते. आमच्या घरात शाळेशिवाय दुसरी जागा नाही. म्हणून खोट्या गुणांचा सगळ्यात मोठा तोटा गरिबालाच होतो.

तुम्ही म्हणता, वेळ नाही. निवडणुकीचे काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे, त्यात विनाअनुदानित शाळेतला तुटपुंजा पगार. हे सगळे खरे आहे आणि त्याविरुद्ध तुम्ही मोर्चा काढलात तर मीही येईन. पण हिशेब करू. साठ मुलांचा वर्ग धरा, प्रत्येकाला पाच मिनिटे. तीनशे मिनिटे झाली. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर नऊ तासिका. दहावीच्या अख्ख्या वर्षात एका मुलासाठी पाच मिनिटे आणि एका वर्गासाठी नऊ तासिका निघत नाहीत, असे कोणत्याही पालकासमोर उभे राहून सांगून पाहा.

तुम्ही म्हणता, वरून दबाव असतो. संस्थेला शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचा असतो. मान्य. पण त्या फ्लेक्सखाली तुमचाही फोटो असतो, आणि गुणतक्त्यावर सही तुमची असते. संस्थाचालकाने दबाव आणला हा त्याचा गुन्हा, तुम्ही सही केलीत हा तुमचा.

तुमच्यामुळे सगळ्यात मोठे नुकसान साहित्याचे होते, हे मला जास्त लागते. रवींद्रनाथांची भयमुक्त मनाची प्रार्थना घ्या. कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला 5 गुण असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. प्रत्येक कवितेचे हे पाच मुद्दे गाईडमध्ये तयार असतात आणि मूल ते पाठ करते. कविता न वाचताही तिचे रसग्रहण लिहिता येते. ते पाठांतर आहे की समज, हे ओळखायची एकच जागा शाळेच्या हातात होती, ती तोंडी परीक्षा. मुलाला समोर बसवून विचारायचे: यातली कोणती ओळ तुला आवडली आणि का? मोडक्या इंग्रजीत सांग, अडलास तर मराठीत सांग. रस्किन बाँड यांची एक गोष्ट आहे. बँकेतला झाडूवाला पोरगा आपला पगार वेळेवर झाला नाही म्हणून कुरकुर करतो, ती कुरकुर गावभर अफवा होऊन फिरते आणि शेवटी बँकच बसते. पगार लांबला की घरात काय होते, हे बजाजनगरातल्या कंत्राटी कामगाराच्या मुलाइतके कोणाला कळणार? ही गोष्ट त्याने कशी वाचली असती, तो काय बोलला असता, हे ऐकायचा मान तुम्हाला होता. तुम्ही तो घेतला नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. म्हणजे तुमच्यासमोर बसलेले मूल दहा वर्षे इंग्रजी शिकून आलेले असते. 2023 च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुले तपासली. त्यांतल्या 57.3 टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. त्या पाहणीचे स्वयंसेवक मुलासमोर बसले, एक कागद पुढे ठेवला आणि ऐकले. पगार न घेणाऱ्या त्या पोरांना जे जमले, ते तुम्हाला का जमू नये?

सर, इंग्रजी तपासणे अवघड नाही. न पाहिलेला एक लहान उतारा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. मग पुस्तक मिटा आणि काय घडले ते मराठीत विचारा. मराठीत सांगता आले तर समजले आहे, नुसते उच्चारता आले तर समजलेले नाही. व्याकरणासाठी कर्मणीचा कर्तरी करायला लावू नका, कालच्या दिवसावर तीन वाक्ये बोलायला लावा, भूतकाळ येतो की नाही ते लगेच दिसेल. लेखनासाठी पत्राचा साचा तपासण्याआधी त्यातले एक तरी वाक्य त्याचे स्वतःचे आहे का ते पाहा. चुका दाखवा आणि तेच पत्र पुन्हा लिहून घ्या. मग गुण द्या. वीसपैकी नऊ आले तर नऊ लिहा. आणि हे आठवीत, नववीतच सुरू करा, म्हणजे त्या नऊचे पंधरा करायला मुलाच्या हातात दोन वर्षे राहतील. खरा नऊ हाती असेल तर मूल कुठे कमी पडते ते कळते आणि कोणीतरी मदत करू शकते. खोटा वीस हाती असेल तर मदत मागायची वेळ कधी आली तेच कळत नाही.

तुमच्याच शेजारच्या खोलीत असे करणारे शिक्षक आहेत. ते मधल्या सुट्टीत एकेका मुलाला बोलावतात, अडखळत वाचणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐकतात आणि जेवढे आले तेवढेच गुण देतात. मग त्यांच्या वर्गाचा निकाल तुमच्यापेक्षा कमी दिसतो आणि बैठकीत त्यांना जाब विचारला जातो. तुमचा प्रत्येक फुकटचा वीस त्या प्रामाणिक माणसाला खोटे पाडतो. मुलांची फसवणूक तर आहेच, पण सोबत काम करणाऱ्याशी ही गद्दारी आहे. या पत्राचे दुसरे कारण हे.

यापुढे आम्ही पालक गप्प बसणार नाही. अंतर्गत गुण भरायची वेळ आली की आम्ही शाळेत येऊ आणि तीन प्रश्न विचारू: माझ्या मुलाने कोणता उतारा वाचला? वाचून झाल्यावर तो काय बोलला? आणि त्याला कुठे सुधारायला सांगितले? या तीन उत्तरांशिवाय लिहिलेला आकडा आम्ही मानणार नाही, मग तो वीस असला तरी. मुख्याध्यापकांना लेखी विचारू, शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत विचारू, आणि गरज पडली तर विभागीय मंडळाच्या दारातही विचारू. यंदाचा गुणतक्ता अजून कोरा असेल, तर त्या नऊ तासिका उद्यापासून घ्यायला लागा.

आपला,
बजाजनगरातील एक पालक