तरुणास पत्र लिहिण्यास लावण्याची शास्त्रोक्त रीत

पत्रलेखन शिकवण्यासाठी सुट्टीत घरी सापडणारा, दोन्ही अंगठ्यांनी टाइप करणारा एक तरुण घ्यावा. शाळेत त्याने पत्रे लिहिलेली असतात. पण ती 'अ. ब. क.' नामक इसमाच्या वतीने वाचनालयाच्या व्यवस्थापकांना लिहिलेली असल्याने पूर्वानुभवात धरू नयेत.

साहित्य म्हणून पोस्टकार्ड पुरते. १ जुलै १८७९ रोजी भारतात ते आले तेव्हा पाव आण्याला मिळे. आता पन्नास पैशांना मिळते. पन्नास पैसे कोणाकडेच सुटे नसल्याने कार्डे जोडीनेच घ्यावीत. पहिले कार्ड खाडाखोडीत जातेच.

प्रथम पत्ता शिकवावा. तरुणाला आजीचे घर नकाशावर दाखवता येते, पत्ता सांगता येत नाही. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत याची त्याला कल्पना द्यावी, म्हणजे पिनकोडाचे महत्त्व पटते. सहा आकड्यांची ही सोय १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी असून संस्कृतात काव्यही करीत, हे ओघात सांगावे. तरुण प्रभावित होईलच असे नाही.

मायन्याला मात्र घाई करू नये. 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना, काका-मामा 'तीर्थस्वरूप'. धाकट्यांना 'चि.' आणि अनेक आशीर्वाद. वडीलधाऱ्यांना 'शि. सा. न. वि. वि.' लिहावे. येथे विद्यार्थी हमखास अडवतो. शिरसाष्टांग नमस्कार तीन अक्षरांत उरकणाऱ्या पिढीने 'ओके'चा नुसता 'के' केल्याबद्दल का रागवावे, असे तो विचारतो. या शंकेला समाधानकारक उत्तर नाही. शिक्षकाने चहा मागवावा.

मजकूर लिहिताना पोस्टकार्ड उघडे असते, याचे भान द्यावे. पोस्टमन, शेजारी आणि कार्ड वाचून दाखवणारा शाळकरी मुलगा यांच्याआधी ते आजीला क्वचितच कळे. म्हणून 'इकडील सर्व क्षेम' या शब्दांआड बरेच काही दडवण्याची कला विकसित झाली. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. एवढ्या एका फाटक्या कोपऱ्याने वाचणाऱ्याला खाली बसायला अवधी मिळे.

जुने सगळेच शिकवण्याचा हट्ट धरू नये. तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तारेची कट्ट-कडकट्ट भाषा येणाऱ्याला आज कोणी विचारत नाही. तारेने शुभेच्छांची ठरावीक वाक्ये नुसत्या क्रमांकाने पाठवता येत, म्हणजे मनाचे दोन शब्द न लिहिण्याची सोय तेव्हाही होतीच. मायन्याची उतरंडही विसरली तर फारसे बिघडत नाही. सांत्वनाचे पत्र मात्र शिकवावेच. गेलेल्या माणसाची एखादी लकब, त्याने कधी केलेली मदत, एवढे चार ओळींत लिहायला तासभर लागतो. व्हॉट्सॲपवर आधीच्या चाळीस जणांचे 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुढे ढकलायला दोन सेकंद पुरतात. पण त्या घरी पुढे कपाटात जपले जाते ते पत्र.

कार्ड पेटीत टाकल्यावर आठवडाभर वाट पाहावी. या काळात तरुण रोज 'पोचलं का?' म्हणून फोन करू पाहील, त्याला रोखावे. कार्ड मिळताच आजी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते आणि खाली जोडलेल्या हातांची तीन चिन्हे देते. आजीला पत्राने उत्तर लिहिण्यास लावण्याची खात्रीची रीत अद्याप सापडलेली नाही.