आईची कंबर आणि चार शॉकअप

उंच केलेल्या गाडीत माणूस बसत नाही, चढतो. आमची आई तर स्वयंपाकघरातलं निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊनच जिना उतरते. ते दाराशी मांडायचं, एक पाय त्यावर, एक हात दाराच्या चौकटीला, "गजानना" म्हणत आत, आणि लगेच मला हुकूम, "स्टूल घे रे वर, उतरताना कोण आणून देणार आहे?" सोसायटीतली पोरं गाडीकडे कौतुकाने बघत असतात. आईकडेही बघतात, पण ते कौतुक निराळं.

चढण्याबद्दल मात्र तिची कधीच तक्रार नव्हती. ऐन उमेदीत रोज पर्वती चढलेली बाई आहे ती. तक्रार सुरू व्हायची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर. पहिल्या गतिरोधकाला "अगं आई गं", दुसऱ्याला नुसतंच "आई गं", आणि तिसऱ्यानंतर ती बोलायचीच बंद व्हायची. आई गप्प बसली की घरात सगळ्यांना घाम फुटतो.

गाडी जुन्या घडणीची थार, मागे समोरासमोर बाकडी असलेली. एका हौशी तरुणाकडून घेतलेली. व्यवहार ठरत असताना तो मायेने बॉनेटवर थाप मारत म्हणाला होता, "काका, दोन इंच लिफ्ट आहे. रोड प्रेझेन्स बघा नुसता!" आता हा रोड प्रेझेन्स जो काय असतो, तो बाहेर उभं राहिलेल्यालाच दिसतो. आत बसलेल्याच्या वाट्याला फक्त रोड येतो.

"शॉकअप बदला," हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. गाडीवाल्यांनी दिला, बिनगाडीवाल्यांनी दिला, दूधवाल्यानेही दिला. गाडी आदळते? शॉकअप. गाडी डुलते? शॉकअप. टायर एका बाजूने झिजतोय? तेही शॉकअप. इतक्या गुन्ह्यांची जबाबदारी एका नळकांड्यावर टाकलेली बघून मला संशय आला आणि मी नाना पेठ गाठली.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांची जी गर्दी आहे, तिच्यात एका बोळात माझा मिस्त्री बसतो. बसतो म्हणजे बहुतेक वेळ कुठल्या तरी गाडीखाली आडवा असतो आणि गिऱ्हाईक चपलांवरून ओळखतो. त्याने पुढचा बंपर दाबून सोडला, टॉर्च घेऊन खाली सरकला आणि खालूनच निकाल दिला, "शॉकअप मेले नाहीत साहेब, टांगलेत."

झालं होतं असं. या गाडीला पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ खाऊन चाकाचा भार पेलणारी पोलादी कांब. तिचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं. एक पाना, थोडी ताकद, आणि फुकटात लिफ्ट. पण चाकाला वर जायला जशी जागा लागते, तशी खाली उतरायलाही लागते, आणि बोल्ट आवळून उंची मिळवली की ही खालची जागाच खर्ची पडते. शॉकअप मात्र मूळचेच, तेवढ्याच लांबीचे. ते आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेले. चाक खड्ड्यात उतरायला निघालं की त्यांची लांबी संपते आणि आतून खट् असा आवाज येतो. इतके दिवस मी त्याबद्दल महापालिकेला दोष देत होतो.

मागे आणखी निराळा पराक्रम. तिथे पाटे असतात. उंची वाढवायला त्या जुडग्यात एक पाटा जादा घातला होता. पाटा वाढला की गाडी उचलली जाते हे खरं, पण तो वजनाच्या आशेवर असतो. वजन नसेल तर तो वाकत नाही, आणि तो वाकला नाही तर वाकायचं काम प्रवाशांकडे येतं.

"मागे अर्धा टन माल टाका, मऊ चालेल," मिस्त्री म्हणाला.

आई गाडीतच बसली होती. ती म्हणाली, "मग मी काय सिमेंटची पोती घेऊन शेपू आणायला जाऊ?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाही. वजन पेलते स्प्रिंग, पाटा किंवा कांब. स्प्रिंग म्हणजे वरातीत बँड वाजला की नाचायला लागणारे काका, आणि शॉकअप म्हणजे त्यांचा शर्ट मागून धरून ठेवणारी काकू. काकू नसेल तर काका पुढच्या चौकापर्यंत नाचत जातील. खड्डा एक आणि उड्या सात, अशी गाडी म्हणजे काकूविना काका. काकूने शर्ट फारच घट्ट धरला तर काकांना हात वर करता येणार नाही आणि सगळा दणका वरातीला बसेल. काकूच्या ताकदीचे दोन कप्पे असतात. स्प्रिंग दबताना धरायची ती ताकद म्हणजे कंप्रेशन, आणि दबलेली स्प्रिंग उसळी मारते तेव्हा आवरायची ती रिबाउंड. बहुतेक गाड्यांत उसळी आवरायची ताकद जास्त ठेवतात. काकांना नाचायला उठू द्यायचं, उडी मात्र मारू द्यायची नाही.

हे सगळं काकू करते ती तेलाच्या जोरावर. नळकांड्यात तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पोलादी चकत्या. तेल त्या भोकांतून पिळून निघतं, गरम होतं, आणि गाडीची उसळी उष्णता होऊन हवेत जाते. खडबडीत रस्त्यावर फार वेळ गाडी दामटली की तेल तापतं, त्याला फेस येतो आणि फेस काही कुणाला आवरू शकत नाही. तो येऊ नये म्हणून आत नायट्रोजन दाबून भरतात. बिलस्टीनने १९५७ साली मर्सिडीजसाठी असे एकनळी गॅसचे शॉकअप कारखान्यात बनवायला घेतले. ऑस्ट्रेलियावाल्यांनी गॅसऐवजी नळीत फोमचा थर घालायची युक्ती रूढ केली, कारण त्यांच्याकडे गिब रिव्हर रोडसारखे साडेसहाशे किलोमीटरचे रस्ते आहेत, आणि त्यातल्या कच्च्या पट्ट्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात.

हे कुठेतरी वाचून माझ्या एका मित्राने तसलेच फोमवाले शॉकअप घेतले. तो राहतो कोथरूडला आणि जातो हिंजवडीला.

दुसऱ्या मित्राने तर प्रत्येक शॉकअपला शेजारी तेलाची वेगळी टाकी असलेला संच बसवलाय. शर्यतीत तेल थंड राहावं म्हणून ती असते. त्या चौघांच्या किमतीत चांगली स्कूटर आली असती. त्याची गाडी गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला चिखलात उतरेल अशा बेताची आहे, आणि दर रविवारी ती सिंहगडाच्या पायथ्याला कांदाभजी खायला जाते. तिसऱ्याकडे रँचोचे आरएस ९००० एक्सएल. त्याला बटण असतं आणि मऊपासून कडकपर्यंत नऊ टप्पे. हा मित्र दर सिग्नलला खाली उतरून चारही बटणं फिरवतो. त्याची बायको शेजारी बसून दर वेळी "आता बरंय" म्हणते. परवा त्याने नुसतंच उतरून, काहीही न फिरवता परत चढून पाहिलं. तेव्हाही ती "आता बरंय" म्हणाली. सहजीवन याच्याहून मऊ कुठल्याही टप्प्यावर होत नाही.

माझं मत विचाराल तर, आरामासाठी म्हणून शॉकअप निवडताना माणसाने स्वतःच्या गाडीचे फोटो बघू नयेत, स्वतःच्या गाडीचा रोजचा रस्ता बघावा. मी बघितला. त्यात वाळवंट नव्हतं, स्पिती नव्हतं. त्यात गतिरोधक होते.

गतिरोधकाचंही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच सांगून ठेवलंय की गोल घुमटीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने सुखाने पार होईल. आमच्या सोसायटीचा गतिरोधक कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या सिमेंटमधून झाला. त्याची रुंदी माझ्या पावलाएवढी आहे आणि उंचीबद्दल अध्यक्षांना विचारायची सोय नाही. गंमत अशी की शॉकअपला गाडीचा वेग कळत नाही, दट्ट्याचा वेग कळतो. रुंद घुमटीवर गाडी २५ ने गेली तरी दट्ट्या सावकाश सरकतो. पावलाएवढ्या वरवंट्यावर किंवा त्या पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्यांवर गाडी दहाने गेली तरी दट्ट्या सटकन उडतो. तेव्हा वळणावर गाडी झुकू नये म्हणून सावकाश हालचालीला कडक, आणि रबरी पट्टीला पटकन सैल सोडणारा, असा शॉकअप हवा. नवरेही असे मिळावेत अशी अपेक्षा असते, असं आमच्या सौभाग्यवतींनी ऐकून घेऊन नोंदवलं.

मग मिस्त्रीने आईला मोजमापाचं यंत्र म्हणून गाडीत बसवलं आणि नाना पेठ ते भवानी पेठ फेऱ्या सुरू केल्या.

"आजी, कुठे लागलं?"

"कमरेत."

"म्हणजे दबताना लागतंय. कंप्रेशन. आता?"

"आता मान हलली. पोटात गोळा आला."

"ते रिबाउंड." तो पेन्सिलने सिगरेटच्या पाकिटावर लिहीत होता. मला हसू येत होतं, पण त्यात तथ्य आहे. उभ्या हादऱ्यांत माणसाचं शरीर सगळ्यात जास्त कुरकुरतं ते सेकंदाला चार ते आठ या हेलकाव्यांना. सेकंदाला एक ते दीड ही आपल्या चालण्याच्या जवळपासची लय सोसवते, म्हणून आरामाच्या गाड्या तिच्या आसपास ठेवतात. आणि अर्ध्याच्याही खाली गेलं की उलटी होते, जे आईने एकदा एसटीत वरंध घाटात सिद्ध केलेलं आहे. कंबर आणि मान यांच्या साक्षीने जे कळलं, तेच यंत्रं लावूनही कळलं असतं, फक्त यंत्राने मध्येच उतरून केळी घेतली नसती.

शेवटी शॉकअप घ्यायच्या आधी बाकीचंच काम निघालं. पुढच्या कांबेचा पीळ सैल केला. मागचा जादा पाटा काढला. टायरमध्ये पंपावरच्या पोराने हौसेने ठासलेली हवा कमी केली, कारण टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग असते आणि ती फुकट मिळते. निम्मी आदळआपट तिथेच संपली. मग चाक पूर्ण लटकवून आणि पूर्ण दाबून मिस्त्रीने टेपने लांब्या घेतल्या. लांबी हा शॉकअपच्या खरेदीतला सगळ्यात नीरस आणि सगळ्यात मोलाचा आकडा. आखूड घेतला तर लटकतो, लांब घेतला तर चाकाला थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याआधी तोच ठोकला जातो. ब्रेकचा होजही त्याच टेपने मोजला. तो ताणला गेला तर आरामाचा प्रश्न कायमचाच सुटतो.

घेतले ते साधे दोन नळ्यांचे, हलक्या गॅसचे, मऊ चकत्यांचे. जास्त दाबाचे एकनळी खेळात सरस असतात, पण त्यांचा दाब आणि सील यांमुळे बारीकसारीक खडीही खुर्चीपर्यंत येते. आईला खडी नको होती. मित्रमंडळींत निराशा पसरली. शॉकअपचा रंगसुद्धा काळा, म्हणजे फोटोला काहीच नाही. उंची दोन इंचांवरून इंचभरावर आली. सोसायटीतल्या पोरांनी विचारलं, "काका, गाडी बसली का?" सौभाग्यवती म्हणाल्या की कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाविरुद्ध फेरफार चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगून झालंय, तेव्हा बसली तेवढी बरीच. उरलेला इंच कुठे जाईल, हेही त्यांनी विचारून ठेवलंय.

पण आई! पहिल्या गतिरोधकाला काही बोलली नाही. दुसऱ्यालाही नाही. मी घाबरून आरशात पाहिलं, तर ती फोनवर होती. "अगं, मऊ चालते गं आता. झोपाळाच. तू येच. आणि कुमूलाही सांग." संध्याकाळपर्यंत चार मावश्या, त्यांच्या पिशव्या, एक कुकर आणि तुळजापूर असं सगळं ठरलं.

मी मिस्त्रीला फोन केला. तो बहुधा कुठल्यातरी गाडीखालीच होता.

"चार मावश्या म्हणजे वजन किती धरू, साहेब?"

"ते मी विचारू शकत नाही."

"अंदाजे?"

"आईएवढं धर. दोघींना दीडपट धर. पिशव्या वेगळ्या."

थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज येत राहिला.

"तुमचा तो पाटा मी टाकून नाही दिला साहेब. उद्या सकाळी घेऊन या गाडी."