आईच्या शिलाई मशीनची दखल घेतल्याबद्दल आभार

प्रति,
मा. करनिर्धारक व संकलक साहेब,
कर आकारणी व कर संकलन विभाग,
आमची महानगरपालिका.



मालमत्ता कराचं बिल पोचलं. नेहमीप्रमाणे ते माझ्या आजोबांच्या नावे आहे. आजोबा 1994 साली गेले. आम्ही नातवंडं पितृपक्षातच काय ती त्यांची आठवण काढतो. आपण मात्र दर वर्षी न चुकता त्यांना पत्र धाडता आणि नावामागे अजून 'श्री.' लावता. इतका जीव आजोबांना आजीनेही लावला नसेल.

गेल्या वर्षी आपण फेरमोजणीला एक मुलगा पाठवलात, त्याबद्दल आधी धन्यवाद. फार गोड मुलगा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि लेझरचं मोजयंत्र. त्याचा लाल ठिपका भिंतीवरून सरकत गणपतीच्या तसबिरीवर थांबला, तेव्हा आईने हात जोडले. आलं घातलेला चहा पिऊन झाल्यावर त्याने ओसरीतल्या शिलाई मशीनचा फोटो काढला. आई हरखली. चाळीस वर्षं ती त्या मशीनवर गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते. मशीनचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. "नीट येऊ दे रे," असं म्हणून तिने वरचं धुणंही बाजूला केलं.

फोटो नीटच आला, साहेब. आमची 9 बाय 11 फुटांची ओसरी, आपल्या भाषेत 9.20 चौरस मीटर, आता 'बिगरनिवासी' झाली आहे.

ही किमया कशी होते ते आपल्याला ठाऊकच आहे. शेजारून डोकावून वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आपण घराची किंमत बघत नाही, मालकाची मिळकतही बघत नाही. हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, याची कल्पना करता. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी 10 टक्के वजा करता, उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्या टक्केवारीत कर. आमच्या गल्लीत निवासी जागेला आपला दर चौरस मीटरला महिना 12 रुपये, बिगरनिवासीला 40. म्हणजे जी ओसरी कालपर्यंत 1,192 रुपयांची होती, ती फोटोनंतर 3,974 रुपयांची झाली. ओसरी तीच, खिडकी तीच, पावसाळ्यात गळणारा कोपराही तोच. घरात राहून मी स्वतःकडूनच भाडं घेतो हे मला माहीत नव्हतं. आई माझी दुकानदार भाडेकरू आहे हे तर तिलाही माहीत नव्हतं. आता तिच्याकडे थकलेलं भाडं मागायचं कोणत्या तोंडाने, एवढं जरा कळवावं.

बिलातले रकाने वाचताना तर डोळे भरून आले. मलप्रवाह लाभ कर: दारातलं उघडं गटार हा लाभ होता, हे आम्हा अडाण्यांना कळलंच नव्हतं. वृक्ष कर: कोपऱ्यावरचा गुलमोहर आपल्याच माणसांनी तोडला, त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ असावा. आणि सगळ्यांत गोड म्हणजे रोजगार हमी उपकर. हा राज्य सरकारचा, बिगरनिवासी जागेलाच लागतो, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच आमच्या घरी आला. आईच्या रोजगाराची हमी चाळीस वर्षांत कुणी घेतली नव्हती. आता तिने इतरांच्या रोजगाराची घेतली आहे.

समोरचे किराणावाले हे रकाने बघून हसले. "आम्ही हे जन्मभर भरतोय," म्हणाले. "तुम्ही आता आमच्यात आलात." पेढे मात्र त्यांनी दिले नाहीत.

करवाढीची खास नोटीस आपण आधी पाठवली होती, हेही मान्य. हरकतीला ठरावीकच दिवस मिळतात; नोटिशीवर 3 तारीख होती, आमच्या कडीला ती 20 तारखेला अडकवलेली सापडली. सतरा दिवस तिने बहुधा शहर पाहिलं. उरलेल्या दिवसांत मी विभागात तीनदा आलो. एकदा साहेब साइटवर होते, एकदा मीटिंगला, एकदा जेवायला. चौथ्यांदा खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून परत दिला. "हरकत मालकानेच घ्यायची असते. मालक कुठायत?"

मी वर बोट दाखवलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

नाव बदलून घ्या, म्हणाल्या. त्यासाठी थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. थकबाकी होती ती ज्यावर हरकत आहे त्या बिलाचीच. आणि हरकत मालकानेच घ्यायची असते. साहेब, चक्रव्यूहात अभिमन्यूला निदान आत तरी जाता आलं होतं.

न्यायाधीशांकडे अपील आहेच, महापालिका कायद्याचं कलम 406. ठरलेल्या मुदतीत करायचं आणि आधी बिलाची रक्कम भरायची, मग तक्रार ऐकली जाणार. न भरता बसलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती. 'शास्ती' हा शब्द आपण जपलात, त्याबद्दल मराठी भाषाही आपली ऋणी राहील.

आपली सगळी बिरादरीच थोर आहे म्हणा. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला 1970 पासून 40 टक्के सवलत होती; ती थांबवली, ओरड झाल्यावर 2023 साली परत दिली, पण 'मी माझ्याच घरात राहतो' हे पीटी-3 अर्ज भरून पुराव्यानिशी सांगण्यासाठी लोक रांगेत उभे राहिले. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आणली आणि मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल तेही धरून आज कर मागितला. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्दच ठरवला. कल्पनाशक्तीला न्यायालयं अशी नख लावतात.

आपलीही अडचण समजते, हे खोटं नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, आता हक्काचं असं मालमत्ता करावाचून फारसं काही उरलेलं नाही. दिवे, रस्ते आणि त्या खिडकीवरच्या बाईंचा पगार त्यातूनच निघतो. कर भरायला आमचा नकार नाहीच. फक्त एखादा अधिकारी पाठवून ओसरी पुन्हा बघावी. चहा मिळेल. फोटो मात्र आई आता काढू देणार नाही. मशीनवर तिने जुनी चादर टाकली आहे आणि बायकांना साड्या संध्याकाळनंतर आणायला सांगितलं आहे.

कळावे, लोभ आहेच, तो बिलात दिसतो.

आपला नम्र,
मालकाचा नातू

ता. क.: बिलाची सगळी रक्कम परवा 'हरकत राखून' असं लिहून भरली. पावती लगेच मिळाली. ती आजोबांच्या नावे आहे.