पझेशन दिवाळीनंतर

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास मी दुर्गा टेकडीकडे निघालो होतो. भक्ती-शक्ती चौकात आमचा भाचा चाकणच्या कंपनी-बसची वाट बघत उभा. तोंड एवढंसं झालेलं.

"काय रे?"

"पुढे ढकललं, मामा. आधी पंचवीस म्हणाले, मग मे सव्वीस, आता म्हणतायत नोव्हेंबर सव्वीस."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, बिल्डर सगळे एका माळेचे मणी, तू आपला भाडेकरार अकरा महिन्यांनी वाढवून घे. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"फ्लॅट नाही मामा. जीटीए सिक्स."

आता यात माझी काय चूक? निगडी, मोशी, रावेत या पट्ट्यात 'पुढे ढकललं' हे शब्द बांधकामालाच लागू होतात. पण घरी येऊन चहा घेताना वाटलं, पोरगं वेगळं काही सांगतच नव्हतं. ट्रेलर म्हणजे ब्रोशर. तारीख म्हणजे पझेशन. आणि मोकळ्या जगाचा नकाशा म्हणजे सुपर बिल्ट-अप एरिया.

'ग्रँड थेफ्ट ऑटो', म्हणजेच जीटीए, या व्हिडिओ गेमचा पाचवा भाग आला १७ सप्टेंबर २०१३ ला. भाचा तेव्हा आठवीत होता. त्यानंतर तो दहावी झाला, डिप्लोमा झाला, ट्रेनी झाला, पर्मनंट झाला, त्याला मिशी आली, मिशी गेली, आता साखरपुडा ठरतोय. एवढ्या काळात पाचाचे सहा काही झाले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडच्या पहाटे पहिला ट्रेलर आला, तो या पोराने फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये मोबाइलवर बघितला. दीड मिनिटाचा ट्रेलर, त्यावर दोन वर्षं चर्चा. कुठल्या गाडीची नंबरप्लेट काय, कुठल्या स्विमिंग पूलमध्ये मगर आहे, सगळं पाठ. त्या ट्रेलरमध्ये २०२५ म्हटलं होतं. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे यंदाची दिवाळी संपल्यावर, कार्तिकी एकादशीच्या तोंडावर. विष्णू चार महिने झोपून उठतो. हा खेळ काढणारे रॉकस्टारवाले तेरा वर्षांनी कूस बदलतायत, आणि भक्तांचं कौतुक असं की हेही झोपलेले नाहीत, 'पॉलिश' करतायत म्हणे.

आपल्याकडेही फरशीला पॉलिश चालू आहे असंच सांगतात.

तर सुपर बिल्ट-अपबद्दल. ज्यांनी कधी फ्लॅट घेतला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो: आपण राहतो कार्पेटमध्ये आणि पैसे भरायचो जिना, लिफ्ट, लॉबी, गच्चीवरची टाकी यांच्यासकट. या वाढीव फुगवट्याला बिल्डरच्या ऑफिसात 'लोडिंग' म्हणतात. गेम सुरू करताना पडद्यावर हाच शब्द येतो, हा मला योगायोग वाटत नाही. फ्लॅटवाल्यांसाठी २०१७ पासून रेरा लागू झाला, कार्पेट एरिया लिहून द्यावा लागतो. गेमवाल्यांना रेरा नाही. ते खुशाल नकाशाचा आकार सांगतात.

आणि हे आजचं नाही. १९९६ साली 'डॅगरफॉल' नावाचा खेळ आला, त्याचं जग ग्रेट ब्रिटनएवढं असल्याचं सांगत होते. होतंही असेल. हजारो गावं, सगळी संगणकाने साच्यातून काढलेली, प्रत्येक गावातला माणूस तेच बोलणारा. त्याच कंपनीने २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' काढला, त्यात हजारावर ग्रह. भाच्याने त्यातले बावीस बघितले. "कसे आहेत?" विचारलं तर म्हणाला, "मामा, चाकण एमआयडीसी फेज दोनमध्ये रविवारी दुपारी गेलायस का? तसे."

मी स्वतः निगडीत तीस वर्षं राहतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर. त्यातलं चऱ्होली, दिघीकडचा मोठा भाग माझ्यासाठी अजून धुक्यात आहे, गेमच्या नकाशात न गेलेली जागा असते तसा. त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. यमुनानगरच्या एका गल्लीत मात्र मला तीन पिढ्यांची भांडणं माहीत आहेत. मोठं असणं वेगळं आणि भरलेलं असणं वेगळं, हे वाड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भाच्याचं रोजचं गणित असं. बस पाच वीसला. शिफ्ट सुटून ट्रॅफिकमधून घरी पोचायला चार. झोप, जेवण, होणाऱ्या बायकोचा फोन, आईची कामं. उरतात चाळीस मिनिटं. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' हा २०२० चा खेळ, त्याची मुख्य कथाच साठेक तासांची. कोपरान्‌कोपरा बघायचा तर शंभराच्या पुढे. साठ तासांना रोज चाळीस मिनिटं म्हणजे नव्वद दिवस, एकही दिवस ओटी न लागता. एवढ्यात माणूस गाडी चालवायला शिकतो. आणि त्या चाळीसातली पहिली पंधरा मिनिटं अपडेट उतरवण्यात, पुढची पाच 'मी इथे का आलो होतो' हे आठवण्यात.

एकदा त्याच्या मागे बसून खेळ बघितला. मनोरा चढायचा, वरून नकाशा उघडतो, नकाशावर दोनशे खुणा उगवतात. इथे पेटी, तिथे पिसं, पलीकडे एका म्हातारीची हरवलेली शेळी. तो एकेक खूण पुसत होता. चेहऱ्यावर आनंद नव्हता, लाइनवर बसलेल्या माणसाचा असतो तो शांत, रिकामा भाव होता. मी म्हटलं, अरे हे तर तुझं जॉबकार्ड आहे. टार्गेट दोनशे, झालं अठ्ठावीस. "थांब मामा, एवढं एक उरकतो." उरकतो! खेळाला 'उरकणे' हे क्रियापद लागलं तिथेच सगळं आलं. लगोरी कोणी उरकली होती का?

शेळी शोधून दिल्यावर म्हातारी म्हणाली, आता माझ्या भावाला निरोप दे. भाऊ डोंगरापलीकडे. भाऊ म्हणाला, आधी तीन कोल्ह्यांची कातडी आण. मला एकदम एका सरकारी खिडकीची आठवण झाली, जिथे झेरॉक्स मागितली, झेरॉक्स नेल्यावर त्यावर सही मागितली आणि सही करणारे साहेब रजेवर होते. फरक इतकाच की त्या खिडकीवर उभं राहायला मी पन्नास हजारांच्या घरातलं यंत्र हप्त्याने घेतलेलं नव्हतं.

दुर्गा टेकडीवरूनही सगळी निगडी दिसते, देहूरोडपर्यंत नजर जाते. एकही खूण उगवत नाही. फार तर एक पेन्शनर काका उगवतात आणि गुडघ्यावरचं तेल सुचवतात. हे साइड मिशन मी गेली सात वर्षं टाळतोय.

आणि या मोकळ्या जगांमध्ये 'फास्ट ट्रॅव्हल' नावाचं एक बटण असतं. दाबलं की वाटेतलं सगळं गाळून थेट मुक्कामी. आठ-आठ वर्षं खपून हजारो लोकांनी झाडं, नद्या, पूल उभे करायचे आणि मग ते न बघता जाण्याची सोय करून द्यायची. हा कबुलीजबाबच झाला. वारीला फास्ट ट्रॅव्हल आहे का? देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आमच्या भक्ती-शक्ती चौकातूनच आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. सात-आठ मैलांचा टप्पा, दिवसभर लागतो, आणि लवकर पोचल्याचं कौतुक कुणालाच नसतं.

(आमच्याकडे फास्ट ट्रॅव्हल म्हणजे मेट्रो. पिंपरीला ती ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. तिथून निगडीपर्यंतच्या ४.४१ किलोमीटरला केंद्राची मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे जीटीएच्या ट्रेलरच्या जेमतेम दीड महिना आधी. आधी मेट्रो निगडीत येते की सहावा भाग, यावर सोसायटीच्या कट्ट्यावर पैज लागली आहे. मी मेट्रोवर लावलेत. खांब तरी दिसतात.)

आता माझ्या पिढीने फार शहाणपणा करू नये. २००३ च्या आसपास आम्हीही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'व्हाइस सिटी' खेळत होतो. सीडी चोरीची, की-बोर्डवरची अक्षरं पुसलेली, शेजारच्या खुर्चीत इंजिनिअरिंगचा फॉर्म भरणारा घामाघूम मुलगा. आमच्या वहीच्या मागच्या पानावर मंत्र लिहिलेले: 'पॅन्झर' टाइप केलं की रणगाडा, 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की पोलीस गायब. कथा काय होती हे मला आजही माहीत नाही. दोन बेटांचं शहर, एका दुपारी या टोकाहून त्या टोकाला चारदा जाता यायचं. ते गाव आमच्या ओळखीचं झालं. पूल कुठे, रंगाचं दुकान कुठे, हे टिळक चौकातल्या वडापावच्या गाडीइतकं पक्कं. गंमत म्हणजे सहावा भाग पुन्हा त्याच व्हाइस सिटीत घडणार आहे. तेरा वर्षं थांबून पोरगं माझ्या जुन्या गल्लीत येतंय, फक्त आता तिथे टॉवर झालेत.

पझेशन मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. 'सायबरपंक २०७७' ची घोषणा २०१२ मधली. २०२० या एका वर्षात तारीख तीनदा सरकली, शेवटी १० डिसेंबरला चावी हातात पडली. जुन्या यंत्रांवर माणसं भिंतीत घुसत होती, गाड्या आकाशातून पडत होत्या. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, तो पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. म्हणजे पझेशन दिलं, पण लिफ्ट बंद आणि पाणी टँकरचं. पुढे दोन-तीन वर्षं डागडुजी करून त्यांनी तो खरंच चांगला केला, हे भाच्याने मला आवर्जून लिहायला सांगितलं आहे. लिहिलं.

आणि कधी कधी स्कीमच गुंडाळतात. याचं उदाहरण परदेशात शोधायला नको, आपल्या पुण्यात आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गाजलेला खेळ नव्याने करायचं काम युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं. हे काही मोकळं जग नव्हतं, एक राजवाडा होता. पण वाट बघणं अगदी तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा इथल्या पोरांची छाती फुगली. इतका मोठा खेळ इथे होतोय म्हणून. तारीख होती २१ जानेवारी २०२१. ट्रेलर बघून जगाने नाकं मुरडली. तारीख मार्चवर गेली, मग अधांतरी. मे २०२२ मध्ये काम पुण्याकडून काढून माँट्रियलला दिलं, जिथे मूळ खेळ झाला होता. आणि जानेवारी २०२६ मध्ये अख्खा खेळच रद्द. तारीख बघा: २१ जानेवारी. ठरलेल्या गृहप्रवेशाला पाच वर्षं पूर्ण होताना, त्याच तारखेला, प्लॉटवर कुंपण. एवढी वक्तशीर बातमी आमच्या कुठल्याच बिल्डरने दिलेली नाही.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स' या छोट्याशा चमूने 'राजी' नावाचा खेळ पुरा करून विकायला ठेवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी रेटलं. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पाठीशी दुर्गा, समोर महाबलासुर. पाच-सहा तासांत खेळ संपतो. शेळ्या नाहीत, पिसं नाहीत. निव्वळ कार्पेट. भाच्याला मीच आग्रह करून खेळायला लावला. आठवडाभरात संपवला, मग नाराज होऊन माझ्याकडे आला.

"छान होता रे, पण फारच लवकर संपला. एकदम तुटल्यासारखा."

म्हणजे साठ तासांचा उरकत नाही आणि सहा तासांचा पुरत नाही. टीकाकारांनीही 'राजी'च्या शेवटाबद्दल हेच म्हटलं होतं, तेव्हा पोराला एकट्याला बोलून उपयोग नाही. युबिसॉफ्टने २०२३ चा 'असॅसिन्स क्रीड मिराज' मुद्दाम आटोपशीर केला आणि तशीच जाहिरात केली, तेव्हाही तो लहान आहे असं म्हणणारे निघालेच. वन बीएचकेत सुख आहे हे सगळ्यांना पटतं; बुकिंग करायला गेलं की टू बीएचकेचा सँपल फ्लॅट बघून येतात.

भाच्याच्या खात्यात आज एकसष्ट गेम आहेत. बहुतेक सेलमध्ये घेतलेले. उघडलेले चौदा, संपवलेले तीन, त्यातला एक 'राजी'. बाकीचे सत्तेचाळीस बंद खोक्यातल्या डिनर सेटसारखे पाहुण्यांची वाट बघतायत. आणि साहेब वाट बघतायत बासष्टाव्याची.

परवा पुन्हा चौकात भेटला. या वेळी चेहरा फुललेला. म्हणाला, सुपरवायझरकडे गेलो होतो, एकोणीस नोव्हेंबरला गुरुवार येतोय, गुरुवार-शुक्रवार दोन सीएल टाकल्या, शनिवारी वीकली ऑफ बदलून घेतला, सलग तीन दिवस. मी विचारलं, इतक्या आधी? सुपरवायझर काही बोलला नाही?

"बोलला ना. रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि विचारलं, लग्न आहे का? म्हटलं नाही, पझेशन आहे. तर म्हणतो, तारीख नक्की का?"

"मग तू काय म्हणालास?"

बस आली होती. पायरीवर चढता चढता तो म्हणाला, "म्हटलं सर, पेन्सिलीने लिहा."