काल रात्रीच!

प्रत्येक इमारतीत असे एक गृहस्थ असतातच. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावर राहतात. समोर त्यांना सगळे दादा म्हणतात आणि पाठीमागे 'काल रात्रीच'. कारण सकाळी जिन्यात भेटले की त्यांना काहीही विचारा. कपड्यांना इस्त्री? काल रात्रीच. स्कूटरमध्ये पेट्रोल? काल रात्रीच. दाढीसुद्धा ते झोपण्याआधी करतात. सकाळी गालावर बारीक खुंट दिसतात, पण तत्त्वासाठी माणसाने तेवढं सोसायला हवं.

वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'तला दिनचर्येचा अध्याय ब्राह्ममुहूर्ती उठण्यापासून सुरू केला. दादांच्या मते तिथेच उशीर झाला. त्यांची दिनचर्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पायातले मोजे काढता काढता सुरू होते. ते मोजे बादलीत आणि उद्याचे बुटांत. बुटांशेजारी छत्री, छत्रीच्या दांड्याला पिशवी, पिशवीत रेल्वेचा पास, चष्म्याचं घर आणि सुटे पैसे. मुलांचे बूट त्यापुढे, उतरत्या मापाने. जेवणानंतर कोणाला शतपावलीला जायचं असलं तर उद्याची अख्खी सकाळ ओलांडून जावं लागतं.

पण खरा कस लागतो तो दप्तरापाशी. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. मुलगी आपलं आपण भरते, त्यामुळे सगळा भर मुलावर. आठ वाजता वेळापत्रक समोर ठेवून उलटतपासणी सुरू होते.

"पहिला तास?"

"मराठी."

"वही?"

"आहे."

"डायरीत सही?"

"तुम्हीच केलीत की आत्ता."

"उद्या काही आणायला सांगितलंय?"

"नाही."

"नीट आठव. बाईंनी, पीटीच्या सरांनी, कोणीही?"

"नाही हो बाबा!"

हा प्रश्न आठलाच का, तर कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला साडेनऊला शटर ओढतो. मग जेवणं होतात, दिवे मालवतात, पंख्याचा आवाज तेवढा उरतो, आणि सव्वादहाला पांघरुणातून बारीक आवाज येतो, "बाबा, उद्या कार्यानुभवाला आइस्क्रीमच्या वीस काड्या आणि लाल घोटीव कागद आणायचाय."

मुलांची स्मरणशक्ती आडवं झाल्याशिवाय चालू होत नाही, हे जगातल्या सगळ्या आईबापांना ठाऊक आहे. त्यावर उपाय शोधला फक्त दादांनी. एके संध्याकाळी त्यांनी मुलाला आठ वाजताच गादीवर झोपवलं, दिवा घालवला, पांघरूण घातलं आणि अंधारात विचारलं, "आता सांग, काय आणायचंय?" उत्तर आलं नाही. मुलगा खरोखरच झोपला होता. त्याला जेवायला उठवता उठवता त्या रात्रीचं सगळं वेळापत्रक कोलमडलं.

स्वयंपाकघरातही दादा येतात. न येतील तर बरं, असं वहिनींचं मत, पण ते त्या फक्त जिन्यात बोलून दाखवतात. सकाळची घाई वाचावी म्हणून एकदा त्यांनी रात्रीच कणीक भिजवली, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी ती राखाडी पडलेली. वरून तेलाचा हात फिरवून झाकून ठेवली असती तर इतकी काळवंडली नसती, हे दादांना नंतर कळलं. वहिनींना आधीपासून माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी डब्यात सिमेंटच्या रंगाच्या पोळ्या गेल्या. मुलीने मैत्रिणींना त्या नाचणीच्या आहेत म्हणून सांगितलं, आणि दोघींनी कौतुकाने मागून खाल्ल्या.

वहिनींच्या तयारीचा मात्र कुठे उल्लेख सापडत नाही. बुधवारच्या डब्यात मटकीची उसळ द्यायची तर मटकी सोमवारी रात्री भिजत पडते, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते आणि बुधवारी पहाटे मोड दाखवते. म्हणजे दादा एक रात्र आधी जागे होतात, तर वहिनी दोन रात्री आधी. शिवाय दुधाला विरजण, निवडलेली मेथी कागदात गुंडाळून, ओल्या नारळाचा चव डब्यात. हे सगळं मालिका बघता बघता होतं आणि त्याची घोषणा होत नाही. घोषणा न केलेल्या कामाची आपल्या घरांतून कधी नोंदच होत नाही, पण ते असो. आपला विषय दादा आहेत.

मध्यंतरी दादांच्या हाती विज्ञान लागलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला आणि २०१८ साली तो छापून आला. झोपण्याआधी पाच मिनिटं जे पुढच्या कामांची यादी लिहीत होते, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर. दादांनी ताबडतोब शंभर पानी वही आणली. रात्री उशीला टेकून ते लिहितात: पाण्याची मोटर सव्वापाचला, गिझर साडेपाचला, मुलीची वेणी पावणेसहाला. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव. दुसरं पान उलटायच्या आत ते घोरायला लागतात, म्हणजे प्रयोग खरा आहे. मग वहिनी त्यांच्या हातातलं पेन काढतात, दिवा घालवण्याआधी वहीवर नजर टाकतात, चौदातली अकरा कामं आपल्या नावावर आहेत हे बघतात आणि छताकडे बघत पडून राहतात. त्या ५७ जणांच्या बायकांना झोप लागत होती का, हे कोणी तपासलेलं दिसत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत शिक्षण खात्याने आदेश काढला, की मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगलाच होता. पण या घरात मुलगी सातला आणि मुलगा नऊला निघू लागला आणि वहिनींच्या वाट्याला एका दिवसात दोन सकाळी आल्या. दादांनी शांतपणे वहीत दुसरा रकाना आखला.

आता एवढं करून यांची सकाळ कशी जाते? खोटं कशाला बोलू, शांत जाते. आमच्या घरी साडेसहाला 'माझा दुसरा मोजा कुठाय' यावरून जे रणकंदन माजतं, ते त्यांच्याकडे आदल्या रात्री साडेनऊलाच होऊन गेलेलं असतं. आरडाओरडा तेवढाच, रडारड तेवढीच, 'तुला शंभरदा सांगितलंय' तेही शंभरदाच. फक्त त्या वेळी कोणाची गाडी सुटायची नसते. भांडायला चांगली वेळ काढली की भांडण स्वस्तात पडतं, हे दादांचं संशोधन मला त्या बेलरवाल्यांपेक्षा मोठं वाटतं.

वाचलेल्या वेळाचं दादा काय करतात म्हणाल, तर वीस मिनिटं लवकर स्टेशनावर जातात, कल्याणकडे जाणारी गाडी पकडतात आणि तीच गाडी फिरून मुंबईला निघते तेव्हा खिडकीत बसून परत डोंबिवलीला येतात. याला आमच्याकडे रिटर्न मारणं म्हणतात. म्हणजे रात्रभर तयारी करून हा माणूस सकाळी आधी उलट्या दिशेला जातो. डोंबिवलीच्या फलाटावर आम्ही लोंबकळायच्या तयारीत उभे असतो तेव्हा खिडकीतून त्यांचा हात हलतो. त्या हातात रुमाल असतो, चौकोनी घडीचा.

गेल्या पावसाळ्यात मात्र एकदा गंमत झाली. रात्रभर धो धो पाऊस. दोन्ही दप्तरं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, डबे भरलेले, मुलीच्या वेणीला रिबीन लागलेली, आणि सहाच्या सुमारास वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला की शाळांना सुट्टी. पाठोपाठ गाड्याही बंद. मुलांनी साडेसातला सोफ्यावर बसून डबे फस्त केले. मुलीने गणवेशातच टीव्ही लावला. दादा दाराशी बुटांच्या रांगेसमोर उभे. हातात वही, वहीतलं एक काम उरलेलं नाही, आणि समोर अख्खा दिवस.

आठच्या सुमारास ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगं, मी काय म्हणतो, उद्याची तयारी आत्ताच करून टाकायची का?"

वहिनींनी मागे वळून न बघता गवारीची पिशवी त्यांच्या पुढ्यात सरकवली. "ही मोडा. शिरा काढून."

दादांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर गवार ओतली, आणि मोडायला घेण्याआधी सगळ्या शेंगा लांबीप्रमाणे लावायला बसले.